विषयपत्रिकेत एक विषय वाढवा

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि माझ्या सभासद बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवालाची पुस्तिका परवा पोस्टाने आली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रकापेक्षा जादा झालेल्या खर्चाला मंजुरी आणि सगळ्यात शेवटी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे." ही पुस्तिका 17 वर्षं माझ्या नावावर येते आणि मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. यंदा वाचताना हातात पेन्सिल घेतली होती. ज्यांनी आपला ऊस तोडला त्या माणसांचा उल्लेख जिथे येईल तिथे खूण करायची, असं ठरवलं होतं. खुणा दोनच झाल्या. एक खर्चाच्या परिशिष्टात, "तोडणी व वाहतूक खर्च". दुसरी अध्यक्षांच्या मनोगतात, "येत्या हंगामासाठी पुरेशा तोडणी यंत्रणेचे करार करण्यात आले आहेत."

यंत्रणा. हार्वेस्टरही त्यात आला, ट्रॅक्टरही आला, बैलगाडीही आली आणि दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, धाराशिवकडून लेकराबाळांसकट येऊन आपल्या गावाच्या कडेला पाच महिने राहणारी माणसंही त्यातच आली.

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. कृष्णाकाठापासून प्रवराकाठापर्यंत कुठलंही नाव घातलं तरी या पत्रातला मजकूर फारसा बदलणार नाही.

मागणी आधी सांगते, कारण सभेत भाषण लांबलं की माईक बंद होतो हे सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोड मजुरांचा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका. त्याला नंबर देऊन विषयपत्रिकेवर छापा. आणि त्या विषयाखाली पहिला ठराव असा करा की, आपल्या कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या प्रत्येक बाईचं आणि प्रत्येक पुरुषाचं नाव कारखान्याच्या दप्तरात वेगवेगळं लागेल आणि त्यांनी तोडलेल्या उसाचं वजन त्यांच्या हातात कागदावर मिळेल. बाकीचं पुढे लिहिते. पण नाव आणि वजन या दोन गोष्टींवरच मी का अडून बसले आहे, ते आधी सांगायला हवं.

2023-24 च्या हंगामात आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला दहा कोयत्यांची टोळी उतरली होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचं एक कुटुंब होतं, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मुलगी दिवसभर भावाला सांभाळायची, खोपीपुढे चूल पेटवायची आणि दुपारी बोअरवर पाणी भरायला आमच्याकडे यायची. एकदा कळशी भरेपर्यंत तिने ओट्यावर वही टेकवली आणि काहीतरी लिहिलं. गणिताची वही होती, गावाकडच्या शाळेतली. पुढच्या पानांवर ऑक्टोबरपर्यंतचे भागाकार. मागच्या बाजूने उलटी धरून तिने दुसराच हिशेब मांडला होता. तारीख, ट्रॅक्टरची खेप, टन. "18 टन 400. 19 टन 150. 17 टन 900." ट्रॅक्टरवाला कारखान्याच्या वजनकाट्यावरून परत आला की ती त्याला वजन विचारायची आणि लिहून ठेवायची. आईने सांगितलं होतं.

संध्याकाळी तिची आई आली, हातात एक पावती घेऊन. माझ्याच शेतातल्या उसाची ती वजनपावती होती. ट्रॅक्टरवाल्याने दिलेली, कडेने ओली झालेली. म्हणाली, "ताई, ह्याच्यात आमचं किती भरलं ते बघा ओ जरा." मी बघितलं. पावतीवर माझं नाव होतं. गट नंबर, उसाची जात, गावाचं नाव, गाडीचा नंबर, वाहतूकदाराचं नाव, मुकादमाचा, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराचा, कोड. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. तिला म्हणायचं होतं "आमचं", आणि त्या पावतीत तिचं म्हणावं असं एक अक्षर नव्हतं.

हंगाम सरला तेव्हा वहीतल्या खेपांची बेरीज 1,930 टन झाली. ती बेरीज मी स्वतः दोनदा केली. दहा कोयत्यांत वाटली तर कोयत्याला 193 टन. मुकादमाने हिशेब केला 174 टनांचा. मधल्या 19 टनांचं काय झालं, याची त्याने सांगितलेली कारणं मोळी बांधल्यासारखी एकात एक गुंतलेली होती. एक खेप दुसऱ्या टोळीची होती, दोन खेपांची वजावट झाली, पोरीने चुकीचं लिहिलं. जानेवारी 2024 मध्ये पुण्याला कारखान्यांचा साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांची बैठक होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हा दर टनाला साधारण 366 रुपये झाला. त्या दराने 19 टनांचे जवळपास सात हजार रुपये होतात. या कुटुंबाने निघताना 80,000 रुपये उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली होती. 193 टन धरले तरी ती फिटत नव्हती, साडेनऊ हजारांच्या आसपास बाकी राहात होती. 174 टनांनी ती सोळा हजारांवर गेली. मधल्या पाच महिन्यांत घरखर्चाला घेतलेली खर्ची त्यात वेगळी. ही बाकी घेऊन ते गावी गेले, म्हणजे पुढच्या हंगामात कुठे जायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं राहिलं नाही.

मी वही घेऊन कारखान्याच्या शेतकी ऑफिसला गेले. तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली, चहा मागवला, कॉम्प्युटरवर बघितलंही. प्रत्येक खेप नोंदलेली होती, अगदी मिनिटासकट. पण ती गाडीच्या नंबरावर. कुठली खेप कुठल्या टोळीने भरली हे वाहतूकदाराला माहीत, आणि टोळीत कुणाचा किती वाटा हे मुकादमाला माहीत. "आमचा करार वाहतूकदाराशी असतो बाई, मजुराशी नसतो." तो खोटं बोलत नव्हता. जेवढं त्याच्या दप्तरात होतं तेवढं त्याने मला दाखवलं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीच्या गणिताच्या वहीत जो हिशेब होता, तो लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याकडे नव्हता.

वही अजून माझ्याकडेच आहे. घाईत राहून गेली. ट्रक पहाटे निघाला.

मी ही गोष्ट एवढी मनाला का लावून घेतली, असं काही जण विचारतात. त्याचं कारण माझ्या स्वतःच्या घरात आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या बरोबरीने मी रानात. बेणं तोडणं, लागण, भांगलण, पाचट आवरणं, खोडव्याला खत. उसाला पाणी द्यायला, दारं धरायला रात्री ते जायचे, मी कंदील घेऊन बरोबर. 20 वर्षं उसाचं बिल ह्यांच्या नावावर निघालं. शेअर त्यांच्या नावावर, सभेची नोटीस त्यांच्या नावावर, दिवाळीची सभासद साखर त्यांच्या नावावर. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही, हेही खरं. ते गेल्यावर वारसाने शेअर माझ्या नावावर झाला आणि पहिलं बिल माझ्या खात्यावर आलं, तेव्हा बँकेच्या पायरीवर बसून मी किती वेळ पासबुक बघत होते ते माझं मला माहीत. रान तेच होतं, काम तेच होतं. कागदावर नाव आल्याने काय होतं, हे त्या दिवशी कळलं. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेले तर साहेब माझ्याशी बोलले, दिरांशी नाही.

ऊस तोडणाऱ्या बाईचं तर तिच्या नवऱ्याइतकंही नाव नाही. ती अर्धा कोयता. उचल नवरा घेतो, अंगठा किंवा सही त्याची, हिशेब त्याच्याशी. पहाटे चारला उठून भाकरी करून ती फडात जाते, तो तोडतो तेव्हा ती उसाचा पाला साळते, मोळ्या बांधते, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. रात्री अकराला गाडी आली तर रात्री अकराला चढते. कामाला एक दिवस नाही गेली तर खाडा, म्हणजे मजुरी नाही आणि वर दंड. दुखलं-खुपलं, पाळी आली, ताप आला, तरी खाडा परवडत नाही. टोळी राहते त्या तळावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये सरकारने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. त्यात ऐन तिशीतल्या बायका होत्या.

तेव्हा सगळी चर्चा बीडच्या दवाखान्यांवर झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या बायका वर्षातले पाच-सहा महिने बीडमध्ये नसतात. त्या आपल्याकडे असतात. त्यांच्या पोटात ज्या दिवसांत दुखत होतं, ते दिवस आपल्या फडात गेले आहेत. आपल्या संचालक मंडळात कायद्याने दोन जागा महिलांच्या आहेत. त्या दोघी ताईंना मी विशेष विनंती करते. या विषयावर पुरुषांनी बोलण्याची वाट बघू नका. त्यांना संकोच वाटतो म्हणून ते बोलत नाहीत, आणि त्यांच्या संकोचात 70 वर्षं गेली.

आता कारखान्याविषयी. आपल्या सभेत स्वागताच्या भाषणात सहकाराच्या इतिहासाची दोन वाक्यं असतातच, म्हणून मीही त्यातलंच सांगते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभे राहिले, 1948 ला नोंदणी झाली आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. तो का काढावा लागला? कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पण साखरेचा पैसा खासगी कंपन्यांकडे जात होता. ऊस पिकवणाऱ्याला वजन काय झालं, साखर किती निघाली, भाव कुणी ठरवला, यातलं काही विचारायची सोय नव्हती. "आमच्या मालाचा हिशेब आम्हाला कळला पाहिजे," या एका गोष्टीवर माणसं उभी राहिली. आपल्या कारखान्याच्या पायाभरणीला माझे सासरे डोक्यावर दगड वाहायला गेले होते. शेअरचे पैसे भरायला सासूबाईंची पुतळ्यांची माळ मोडली होती.

पाटोद्याची ती बाई पावती पुढे करून मला जे विचारत होती, तो सासऱ्यांचाच प्रश्न होता. फक्त विचारणारा बदलला आणि ज्याला विचारायचं तो बदलला. आता काटा आपला आहे.

मला माहीत आहे, सभेत लगेच कुणी तरी उठेल आणि म्हणेल, बाई, शेतकरीच मेलाय, तुम्ही मजुराचं काय घेऊन बसलात. त्या भावाला मी आधीच उत्तर देते, आणि त्याचं दुखणं खोटं आहे असं म्हणत नाही. 2025-26 साठी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. तीही उसातून 10.25 टक्के साखरेचा उतारा पडला तर, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आमच्याकडे ती वजावट टनाला आठशेच्या पुढे गेली. 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, आणि ते हप्त्याहप्त्याने येतात. खताचं पोतं, डिझेल, सोसायटीचं व्याज सगळं डोक्यावर. शिवाय ऊस वेळेवर तुटावा म्हणून टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला एन्ट्रीचे पैसे द्यावे लागतात, वाड्यावरून, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या चाऱ्यावरून, भांडणं होतात. माझ्याकडूनही टोळीने एकरी पैसे मागून घेतले आहेत. मला तेव्हा राग आला होता. दिले, कारण तुरे आले होते आणि वजन घटत होतं.

पण खुशाली का मागतात, हे एकदा शांतपणे बघा. ज्याची मजुरी घेण्याआधीच संपलेली आहे, उचल फेडण्यातच जी जाणार आहे, त्याच्या हातात रोख पैसा येण्याच्या वाटा दोनच. वाडं विकायचं आणि खुशाली मागायची. वाणसामान, लेकराचं औषध, मोबाईलचं रिचार्ज त्यातूनच. मजुराला पंधरा दिवसांचे पैसे पंधराव्या दिवशी त्याच्या खात्यावर मिळाले तर खुशाली मागणाऱ्याला आपण तोंड वर करून नाही म्हणू शकू. आज म्हणता येत नाही, कारण मनातून आपल्यालाही माहीत असतं.

आणि बुडतो कोण? फक्त मजूर नाही. आपल्याच गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर घेतले, कारखान्याच्या हमीवर कर्ज काढलं, मुकादमाला दहा-पंधरा लाख उचल दिली आणि मुकादम टोळीच घेऊन आला नाही. अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. काहींनी जमीन विकून कर्ज फेडलं. पैसा चार हातांतून जातो आणि कुठल्याच हातात कागद नसतो, म्हणून वरचाही बुडतो आणि खालचाही. मुकादमाला 20 टक्के कमिशन मिळतं. त्यातले कित्येक स्वतः कोयता धरून वर आलेले आहेत, सगळेच लबाड नाहीत. पण जिथे हिशेब एकाच्याच खिशात राहतो, तिथे प्रामाणिक माणसाचीही परीक्षा बघितल्यासारखं होतं. उचल थेट मजुराच्या खात्यावर गेली, टोळीतल्या माणसांची नावं आधी कळली, तर ट्रॅक्टरवाल्या पोरालाही कळेल की आपण पैसा कुणाला दिला.

आणखी एक म्हणणं असतं: हार्वेस्टर आले, आता काही वर्षांत मजूरच लागणार नाही. येऊ देत. पण आमच्यासारख्यांची वीस-वीस गुंठ्यांची वाकडी-तिकडी रानं, त्यात पावसाने चिखल, पडलेला ऊस. तिथे हार्वेस्टर वळत नाही, हे शेतकी ऑफिसला पक्कं माहीत आहे. लहान शेतकऱ्याला मजूर अजून बराच काळ लागणार. मोठ्या बागायतदाराचा ऊस मशीन तोडेल आणि आपण टोळीच्या मागे फिरू. म्हणून हा प्रश्न लहान सभासदाचा जास्त आहे.

ही विषमता कुणी एकट्याने आणलेली नाही, हेही मला समजतं. नीरेचा डावा कालवा 1885 चा, भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं. इकडे पाणी आलं आणि तिकडे बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरावर आलं नाही. उसाखालची जमीन राज्याच्या एकूण पेरणीत अगदी थोडी, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा ऊस पितो. 1972 च्या दुष्काळाने तिकडची माणसं जी बाहेर पडली ती पडतच राहिली. आपण बागायतदार झालो त्यात आपले कष्ट आहेत, पण धरणाच्या कोणत्या बाजूला जन्मलो याचाही वाटा आहे. त्यांच्या कष्टात काही कमी होतं असं फडात उभं राहून पाच मिनिटं बघणारा कोणीही म्हणणार नाही.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्याला कारखान्यांनी टनाला 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं मंजूर झाली. पण आज संध्याकाळी माझ्या वस्तीच्या खाली उतरलेल्या टोळीला पिण्याचं पाणी कुठून मिळणार, हे मुंबईत ठरत नाही. ते इथे ठरतं. तळ कारखान्याच्या किंवा आपल्या जागेवर असतो. टँकर कारखान्याकडे आहे.

म्हणून आता उरलेली मागणी लिहिते. सहकार कायद्यात नाममात्र सभासद असा एक वर्ग आहे. त्याला मत नसतं, नफ्यात वाटा नसतो, पण दप्तरात नाव असतं. हंगामासाठी प्रत्येक मजुराला, बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं, असं नाममात्र सभासद करून घ्या आणि एक छोटं पासबुक द्या. आपल्याला जशी उसाची पावती मिळते, तसं टोळीच्या प्रत्येक खेपेचं वजन त्यात चढेल. आज काट्यावर कॉम्प्युटर आहे, माझ्यासारखीलासुद्धा उसाच्या वजनाचा मेसेज मोबाईलवर येतो. तोच मेसेज टोळीतल्या दहा कोयत्यांना जायला काय अडचण आहे, हे मला कुणीतरी सांगावं. पावतीवर मुकादमाच्या कोडखाली टोळीचा नंबर छापायला एक ओळ लागते. मजुरीचा बाईचा अर्धा हिस्सा बाईच्या खात्यावर जावा. बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची ठरावीक मुदत, आणि आजारपण, यांना खाडा धरू नये, ही अट वाहतूकदाराच्या करारात घालावी. करार आपला आहे, अट आपण घालू शकतो.

तळावर पाणी, संडास, आंघोळीला आडोसा आणि रात्रीचा दिवा. लहान मुलांसाठी एक बाई आणि एक खोली, जिथे दिवसभर ती सुरक्षित राहतील. मोठ्या मुलांची नावं जवळच्या शाळेत घालून द्यायला कारखान्याचा एक माणूस. पूर्वी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालायच्या, काही ठिकाणी चांगल्या चालायच्या, तेव्हा हे जमत नाही असं म्हणता येणार नाही.

पैसा कुठून आणायचा? दहा लाख टन गाळपाला टनामागे 5 रुपये धरले तर 50 लाख होतात. ज्याचा 100 टन ऊस जातो त्या सभासदाचे 500 रुपये. माझा साधारण 80 टन जातो, मी 400 देईन, आणि बिलातून कापून घ्यायला आज लेखी संमती देते. कुणाला हेही जड वाटत असेल तर दिवाळीच्या सभासद साखरेतली माझी पाच किलो कमी करा. ती साखर आपण सवलतीत घेतो, आणि तळावरची बाई गावातल्या दुकानातून पूर्ण भावाने शंभर ग्रॅमची पुडी घेते, हे मी दुकानात तिच्या शेजारी उभं राहून बघितलेलं आहे. त्या दिवसापासून दिवाळीचं ते पोतं घरात आणताना मन खातं.

2024-25 चा हंगाम आठवा. ऊस कमी होता, बऱ्याच ठिकाणी शंभर दिवसही गाळप चाललं नाही. आपल्याला वाटलं, बरं झालं, लवकर सुटलो. त्यांनी उचल घेतली होती चार-पाच महिन्यांच्या हिशेबाने. दिवस कमी भरले, टन कमी भरले, बाकी वाढली. हंगाम लहान होणार हे नोंदींवरून शेतकी खात्याला सप्टेंबरातच दिसत होतं. मजुराला ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने उचल कमी घेतली असती, निदान एखादं पोरगं गावाकडे शाळेत ठेवलं असतं. एवढी माहिती देण्याला तर पैसाही लागत नाही. म्हणून ठरावात तेही घातलं आहे: करार करतानाच अंदाजे किती दिवस गाळप चालेल हे टोळीला कारखान्याने लेखी कळवावं.

जानेवारी 2024 ला झालेला दराचा करार तीन वर्षांचा होता. पुढचा होईल तेव्हा साखर संघ आणि संघटना मोठ्या टेबलावर बसतील, टक्क्यांवर ताणाताण होईल, कोयते बंद ठेवण्याचे इशारे होतील. ते त्यांचं काम आहे. दर कितीही वाढला तरी वजन कागदावर नसेल, तर वाढलेला दर कुठल्या टनांवर लागला हे ती मुलगी वहीत लिहीत बसणार. टक्के पुण्यात ठरू देत. पावती आपण ठरवू.

सभेच्या आठ दिवस आधी लेखी दिलेलेच विषय घेतले जातात, असं नोटिशीच्या तळाला छापलं आहे. हे पत्र आणि सोबत ठराव मुदतीच्या आत दिला आहे, पोच घेतली आहे. ठरावाचा मसुदा एका पानाचा आहे. गट ऑफिसला त्याची प्रत ठेवली आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघावी. शब्द कायद्याच्या भाषेत नीट बसत नसतील तर कारखान्याच्या वकिलांनी बसवावेत, मतलब तेवढा बदलू नये. वहीच्या मागच्या पानांची झेरॉक्स ठरावाला जोडली आहे. मुलीचं नाव झाकून.

सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदकाच्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद